नववा नाला कोरडा

“आठ!” पुलावर पोचताच टीनाने आरोळी ठोकली.

खालून चहाच्या रंगाचे पाणी पुलाला टेकून धावत होते. सकाळी देवरी सोडल्यापासून टीना वाटेतले नाले मोजत होती. दहा वर्षांच्या माणसाने दोन दिवसांत आमगावहून अर्जुनी मोरगावपर्यंत सायकल हाणायची, म्हणजे मनाला काहीतरी चाळा हवाच.

तिच्या पुढे तिची ताई रुची होती. वय तेरा, आणि मोहिमेची प्रमुख. ही नेमणूक तिने स्वतःच केली होती. मागे मावसभाऊ हिमांशु. त्याच्या पिशवीत पाने, पंप, पंक्चरचे सामान असे सगळे होते, फक्त कोरडा शर्ट तेवढा नव्हता. आणि सगळ्यात मागे योगराजमामा. मामा शाळेत खेळाचे शिक्षक होते. मैदानावर मुलांना “पळा, पळा” म्हणणारे मामा कालपासून दर अर्ध्या तासाने “थांबा रे, थांबा” म्हणत होते.

पोळ्याची सुट्टी आजोळी घालवायची आणि जायचे ते सायकलनेच, हे ठरले तेव्हा आभाळ निरभ्र होते. आज पहाटेपासून पावसाने उसंत घेतली नव्हती. चष्म्यावर पाणी, कानात पाणी, बुटात तर तळेच. शेवटी तळेटोला गावाच्या फाट्याजवळ रस्त्याकाठचे एक कौलारू घर दिसले आणि मामांनी कुणाला न विचारता सायकल तिकडे वळवली.

ओसरीवर घरमालकीण सुभद्राबाई वडे तळत बसल्या होत्या. चौघांचे अवतार पाहून त्या उठून उभ्याच राहिल्या. “अरे बापा! लेकरायले असं पान्यात कायले फिरवून राहिले जी? आंदर या पयले.”

मामांनी आपण गुरुजी असल्याचे सांगितले, त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांनाही मुलांसारखेच दरडावून चुलीपाशी बसवण्यात आले. गरम वडे आले. वडे खाता खाता गप्पा निघाल्या. घराच्या मागे सुभद्राबाईंचे दोन एकर धान, म्हणजे भाताचे पीक होते, हिरवेगार, आणि धानाच्या मागे गावतलावाचे पाणी अडवणारी मातीची उंच पाळ. बारा वर्षांपूर्वी ती पाळ फुटली होती. शेतात गुडघाभर वाळू साचली. तीन वर्षे धानाचे एक रोप लागले नाही. नवराबायकोने घमेल्याने वाळू उपसून शेत पुन्हा उभे केले. आता नवरा राहिला नव्हता, मुलगा नागपूरला होता आणि शेत त्या एकट्याच सांभाळत होत्या. हे सांगताना त्या हसत होत्या, पण डोळे सारखे धानाकडे जात होते.

तेवढ्यात छत्री घेऊन पुढचा नाला बघायला गेलेली टीना परत आली. “ताई, नववा नाला कोरडा आहे. पुलाखाली नुसते बेडूक ओरडताहेत.”

मामा म्हणाले, तुझ्या मोजण्यात चूक झाली असेल. टीनाला ते फारच लागले, कारण नाला कोरडा असण्याचा आणि मोजण्याचा काय संबंध! सुभद्राबाई मात्र खुशीत होत्या. यंदा नाल्याने मुळीच त्रास दिला नाही, दरसाल पोळ्याला तलावातून निघून याचे पाणी बांधापर्यंत येते, असे त्या कौतुकाने सांगू लागल्या.

रुचीचा हात वड्यावरच थांबला. आठ नाले दुथडी भरलेले आणि तलावातून निघणारा हाच नाला कोरडा. मग तलावाचे पाणी चालले कुठे?

मामा खाटेवर टेकले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. तिघे पाळीवर चढले.

वर पोचताच तिघांनी पलीकडे पाहिले. तलाव काठोकाठ भरला होता. पाळीचा माथा आणि पाणी यांत जेमतेम वीतभर अंतर. हिमांशुने पाण्याच्या कडेला चिखलात एक काडी खोचली. डाव्या हाताला सांडवा होता. तलाव भरला की जादा पाणी आपोआप बाहेर पडावे म्हणून ठेवलेली ती दगडी वाट. पण तिथे खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून तीन थर रचले होते, अगदी नीटनेटके. पोत्यांवर बोट बोट गवत उगवले होते.

“हे कुणीतरी मुद्दाम केलंय,” रुची म्हणाली. “आणि गवत बघ. कालपरवाचं काम नाही.”

हिमांशु पोत्याकडे निघाला, तशी तिने त्याची कॉलर पकडली. “पाणी एकदम सुटलं तर तुला घेऊन आमच्याआधी अर्जुनीला पोचेल. मागे हो.”

“काडी कुठे गेली?” टीनाने विचारले.

काडी बुडाली होती. दहा मिनिटेसुद्धा झाली नव्हती. रुचीने वळून खाली पाहिले. सुभद्राबाईंचे धान वाऱ्याने डोलत होते, आणि पाळीच्या पायथ्याशी, बांधाला लागून, गढूळ पाण्याची एक बारीक धार सुटली होती. रुचीला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

मामांना हलवून उठवले. त्यांनी पाळीवर जाऊन पाहिले आणि त्यांची झोप पार उडाली. फोनला तिथे रेंज नव्हती. मामा सुभद्राबाईंची गाय आणि धान्याची पोती रस्त्यापलीकडच्या उंचावर हलवायला थांबले आणि मुलांना म्हणाले, “फाट्यावरून आत गाव दीड किलोमीटर आहे. तुम्ही माझ्यापेक्षा लवकर पोचाल. निघा.”

तिघांनी त्या दिवसातली सगळ्यात जोराची सायकल हाणली.

गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरांच्या मोकळ्या मैदानात, पोळा भरला होता. आंब्याच्या पानांचे तोरण ताणलेले, त्याखाली झुली घातलेल्या भिजक्या बैलजोड्यांची रांग, छत्र्यांची गर्दी आणि डफांचा दणका. रुचीने एका मोठ्या मिशावाल्या माणसाला गाठून तलावाचे सांगितले. ते पंच देवचंद होते. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पाव्हण्यांची पोरगी दिसते, प्रसाद घेऊन जा म्हणाले. हिमांशु तलावाचे पाणी सांभाळणाऱ्या टिकारामबाबांकडे गेला. बाबांना डफात काही ऐकूच आले नाही; त्यांनी त्याच्या हातावर खोबरे ठेवले. सगळे किती प्रेमळ, आणि ऐकायला एकही तयार नाही!

मग कुणीतरी हात वर केला आणि झडती म्हटली. पोळ्यात जोड्यांसमोर उभे राहून मोठ्याने म्हणायच्या चार ओळी. ती सुरू होताच डफ थांबले, माणसे गप्प झाली. झडती संपली, “हर हर महादेव” झाले आणि पुन्हा दणका सुरू.

रुचीने हिमांशुकडे पाहिले. हिमांशुने टीनाकडे पाहिले, कारण घरात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. तिघांनी डोकी एकत्र केली. दोन मिनिटांनी टीना सायकलच्या कॅरिअरवर उभी राहिली, दोघांनी सायकल घट्ट धरली आणि तिने हात वर केला. एवढीशी पोरगी झडती म्हणणार म्हटल्यावर लोक हसत हसत गप्प झाले.

“आठ नाल्यायले पूर आला, नववा नाला कोरडा,
सांडव्यावर पोते पाहून बेडूक करते ओरडा!
पाळीवरून पानी गेलं त बुडंल साऱ्यायचं धान,
पोते काढाचं काम कोनाचं, सांगा ठेवून इमान!”

“हर हर...” एवढेच लोकांच्या तोंडून निघाले आणि साऱ्यांच्या माना पंचांकडे वळल्या.

देवचंद टिकारामबाबांकडे वळले. “बाबा, पोते काढले ना तुमी?”

“मी कायले काढन? पंचायनं ठेवले, पंचच काढतीन, असं वाटलं मले.”

“मी त खुशालले सांगतलो होतो,” देवचंद म्हणाले.

पंचांची कामे करणाऱ्या खुशालने हळूच सांगितले की पंचांच्या हुकमाशिवाय सांडव्याला हात लावायचा नाही, असे टिकारामबाबांनीच बजावले होते. झाले होते ते एवढेच. श्रावणात वीस दिवस पाऊस रुसला, धान सुकायला लागले, म्हणून हातभर जास्त पाणी अडावे यासाठी पंचांनी पोती रचली. पुढे पाऊस आला, आणि नियम पाळणारे सगळे एकमेकांची वाट बघत राहिले.

तोरण तिथेच राहिले. अख्खा आखर तलावाकडे धावला. टिकारामबाबांचे वय पासष्ट, पण चूक माझी म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला पुढे होऊ दिले नाही. कमरेला दोर बांधला, चौघांनी तो धरला, आणि बाबांनी मधले, सगळ्यात वरचे एक पोते ओढले. पाण्याची जीभ बाहेर आली. थांबून दुसरे. मग तिसरे. घाईने सगळी काढली तर पाणी सांडव्याची कडाच खाऊन टाकील, हे ते मुलांना ओरडून सांगत होते. बाकीच्यांनी पायथ्याच्या गळतीवर दगडमातीचा भराव टाकला. सुभद्राबाई बांधावर हात जोडून उभ्या होत्या. रुची त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी तिचा हात धरला तो दुखेपर्यंत सोडला नाही.

तासाभराने हिमांशु पाळीवरून ओरडला, “काडी दिसली!”

पाणी उतरत होते, आणि धान जिथल्या तिथे उभे होते.

देवचंदांनी सगळ्यांसमोर टीनाला खांद्यावर घेतले आणि म्हणाले, “मघा मी हिच्या ताईले प्रसाद खाले सांगतलो, अन् हे आमची अन्नाची ताटं वाचवाले आली होती. चुकलोच आमी.” टिकारामबाबा पुढे आले. त्यांनी पदर भिजलेले आपले नवे उपरणे पिळले आणि तिघांची डोकी एकेक करून पुसली.

आता निघायला हवे होते. सायकली रस्त्यावर आणल्या आणि चौघे जागीच थांबले. नववा नाला पुलावरून फेसाळत वाहत होता. अर्जुनीचा रस्ता त्यांनी स्वतःच्याच हाताने बंद केला होता! पाणी सकाळपर्यंत उतरणार नव्हते.

मामांनी डोक्याला हात लावला. वाट पाहणाऱ्या आजीला आता काय सांगायचे? पोळ्याच्या दिवशी नातवंडे वाटेत अडकली म्हटल्यावर ती तर रडेलच. गावाकडे थोडे गेल्यावर रेंज मिळाली, तसा त्यांनी फोन लावला आणि अडखळत सुरुवात केली. सोबत आलेल्या सुभद्राबाईंनी एक क्षण ऐकले आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

“मायबाई, तुमचे लेकरं सुखरूप आहेत. सकाळी धाडतो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी टीनाला जवळ ओढले. “पण आजच्या दिवस ते माहे लेकरं आहेत. आज नका मागू.”