लार्दोसाहेबाचं बोट

मेसान आपल्या गल्लीतलाच, तुम्ही ओळखता त्याला. ग्रां-पोपोच्या किनाऱ्यावर लार्दोसाहेबाचा बंगला आहे ना, त्याचा राखणदार. गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईच्या उत्तरकार्याचं जेवण होतं. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, म्हणून बाजारातून आणलेला लाल पामतेलाचा माठ त्यानं बंगल्यात नेऊन ठेवला.

हा लार्दो म्हणजे फ्रेंचांच्या राज्यातला जकात अधिकारी. बायका तेल घेऊन नाक्यावर आल्या की मेला प्रत्येक माठात बोट बुडवायचा, त्यांच्याकडे बघत ते चोखायचा, आणि तेच बोट पुढच्या माठात. किळस येते नुसतं सांगताना. नोकरी संपल्यावर यानं पुस्तकं लिहिली. म्हणे, या लोकांवर माझा जीव जडला! तो वारल्यावर आता बंगल्याचं संग्रहालय होतंय.

मेसानची आई पोरसवदा असताना तिच्याही माठात ते बोट गेलं होतं. मरताना म्हणाली, "माझ्या जेवणाचं तेल झाकून ठेव रे बाबा. कुणाचं बोट लागू देऊ नकोस."

मेसाननं झाकण लावलं, वर दोन विटा ठेवल्या. मग बाहेरच्या खोलीत येऊन सोदाबीची बाटली उघडली. आपली रीत, दारूचा पहिला घोट जमिनीला, गेलेल्यांना बोलावून. आजोबांचं नाव घेतलं, आईचं घेतलं. दुसऱ्याच्या घरात बसलोय, घरधन्याला वगळणं बरं दिसत नाही, म्हणून पुढे म्हणाला, "लार्दोसाहेब, तुम्हीपण घ्या."

"काका, मेसाननं त्याला कशाला बोलावलं?"

"बावळट म्हणून. ऐक."

वारा पडला. समुद्र ऐकू येईना. आतल्या खोलीत कुणीतरी काहीतरी चोखत होतं. सावकाश. चवीनं.

"कोण आहे?"

चोखणं थांबलं...

मग पुन्हा.

मेसानला उठायची हिंमत होईना. भिंतीला पाठ लावून तसाच बसला.

उजाडताना दारावर थाप पडली. बहीण होती. "दादा, तेल आण. चूल पेटलीय."

तो आत गेला. विटा जागच्या जागी. झाकण घट्ट. रात्रीच्या गारठ्यात तेल लोण्यासारखं गोठलेलं.

मधोमध एक भोक. बोटाएवढं...

कडा चाटून साफ केलेल्या.