येतो म्हणजे कधी?

कपाट बेसूर झालं होतं आणि ते फक्त मलाच ऐकू येत होतं.

जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी उगवण तपासते. ओल्या कागदात कपाशीचं बी गुंडाळायचं, यंत्राच्या उबदार कपाटात ठेवायचं आणि ठरल्या दिवशी बघायचं. बी टोमणे मारत नाही, लाजत नाही. उगवतं, नाहीतर उगवत नाही. माझं त्याच्याशी छान जमतं.

"वंदे, तुझेच कान वाजत असतील," शेजारच्या टेबलावरची नाहिद म्हणाली. तरी साहेबांनी बदनापूरहून मेकॅनिक बोलावला. राजानंद त्याचं नाव. एप्रिलच्या उन्हातून घामेजून आला आणि पाणीसुद्धा न पिता त्यानं कपाटाला कान लावला. एक मिनिट... दोन मिनिटं...

"बराबर हाये मॅडमचं. पंख्याचं बेअरिंग कामातून चाललंय. तुम्हाला हे तिथं बसून ऐकू आलं?"

"हो. सोमवारपासून."

"आयला... भारी कान हायेत की!"

माझ्या कानांना आजवर कुणी भारी म्हटलं नव्हतं. डोळ्यांत बघायला मला जमत नाही, म्हणून मी त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत ग्रीस होतं, पण हात छान होते. "येतो मंग," म्हणाला आणि गेला.

मी थांबले. वॉचमननं दिवे घालवले तेव्हा उठले.

चार दिवसांनी स्वारी बेअरिंग घेऊन हजर!

"तुम्ही येतो म्हणाला होतात," मी म्हणाले. "मी साडेसहापर्यंत थांबले."

"अहो, येतो म्हंजे जातो!"

"मग जातो म्हणा की!"

"असं कुणी म्हणत न्हाई हो. बरं दिसत न्हाई."

"मला माहीत आहे. आई येते म्हणते आणि संध्याकाळी येते. दूधवाला येतो म्हणतो आणि सकाळी येतो. येतो म्हणून न आलेले तुम्हीच पहिले."

तो खो-खो हसायला लागला... आणि मध्येच थांबला. "खरंच थांबल्या होत्या? चुकलंच माझं. इथून पुढं दिवस, टाइम सांगून येतो म्हणीन. आन् निस्तं जायचं असलं, तर सरळ जातो म्हणीन. चालंल?"

"चालेल."

मग "गुरुवारी अकराला येतो" म्हणायचा आणि गुरुवारी अकराला दारात उभा. चौथ्या गुरुवारी मी सांगून टाकलं, "कपाट बिलकुल ठीक आहे."

"कपाटाला भेटायला कोण आलंय?"

"मग कुणाला?"

त्याचे कान लालबुंद झाले. "आता... समजून घ्या की, मॅडम."

नाहिद पलीकडे खुदकन हसली. माझं घोडं दर वेळी इथंच अडतं. सांगावं तर तो जाईल, लपवावं तर त्याला आवडणारी मुलगी मी नसेन. मी सांगितलं.

"मला समजून घेता येत नाही, सांगावं लागतं. मी स्वमग्न आहे. ऑटिझम. चोविसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. तोवर लोक मला घुमी म्हणायचे आणि आगाऊसुद्धा म्हणायचे. लग्नात बँड वाजला की मी मोरीत जाऊन बसते. पाहुणे बघायला आले, मुलगा पसंत आहे का विचारलं, मी म्हणाले, आत्ताशी दहा मिनिटं झालीत. ते चहा न पिता गेले."

राजानंदनं घड्याळ बघितलं, पाना पिशवीत टाकला.

"जातो," म्हणाला.

जातो! येतो नाही. दिवस नाही, वेळ नाही.

हातातला कागद मी उलटा गुंडाळला. असं माझ्याकडून कधीच होत नाही. आवडला होता मला तो, फार आवडला होता. टपटप पाणी यायला लागलं डोळ्यांतून.

"रडत काय बसलीस, बावळट! बदनापूरची गाडी पकडायला गेलाय तो," नाहिद म्हणाली. "जा, विचार त्याला. जल्दी!"

स्टेशन! भोंगे, शिट्ट्या, धक्के... मी एरवी तिकडे फिरकत नाही. लॅबमधला कापूस दोन्ही कानांत कोंबला आणि रिक्षात बसले.

तो फलाटावरच्या बाकावर होता.

"तुम्ही जातो म्हणालात!"

त्याचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोला, कानात कापूस आहे!"

"अहो, तुमचंच ऐकून म्हणालो ना!" तो ओरडला. "आईला सांगायला चाललो. ती काय म्हणती, परत कधी येणं होतंय, काहीच ठाव न्हाई. मंग येतो म्हणून खोटं कसं बोलू तुमच्याशी?"

"आईला काय सांगायचंय?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही!"

"तुम्ही मला आवडता!" अख्ख्या फलाटानं वळून बघितलं. "लग्न करायचंय तुमच्याशी! बँडबिंड काही लावायचा न्हाई!"

शेंगदाणेवाल्या मावशींचं माप हवेतच राहिलं. मी एका कानातला कापूस काढला.

"पुन्हा सांगा. हळू."

त्यानं पुन्हा सांगितलं. हळू.

"चार गुरुवार झालेत," मी म्हणाले, "त्यामुळे आता मला सांगता येतं. पसंत आहे."

गाडी आली. तो दारात उभा राहिला, वेड्यासारखा हसत.

"आई काही म्हणू दे, रविवारी धा वाजता येतो! घरी!"

कुणी येतो म्हटलं की आपण 'या' म्हणायचं असतं. मी कधी म्हणत नाही. निघालेल्या माणसाला या कशाला म्हणायचं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

गाडी हलली. मी दुसऱ्या कानातलाही कापूस काढला आणि शिट्टीच्या वर आवाज चढवून ओरडले,

"या!"