काठातली फट

पुलगावच्या लिलावात सदाशिवरावांनी इराणी गालिचा घेतला. गिरणीतल्या कारकुनाच्या घरी गालिचा म्हणजे काय चेष्टा आहे! तांबड्या जमिनीवर कोयऱ्या, मधोमध फुलांचं चक्र, कडेला सुरूची झाडं. प्रमिलाबाईंनी तो लुगडं पारखावं तसा पारखला आणि नाक मुरडलं. चारी बाजूंनी फिरणारी काठाची वेल एका कोपऱ्यात तुटली होती. तेवढी जागा कोरी होती.

"कारागिरानं मुद्दाम सोडली असन," सदाशिवराव म्हणाले. "तू काऊन हात लावतं?"

पण माणिकला बघायला वडनेरचे पाहुणे यायचे होते. रांगोळीची रेघ उघडी ठेवायची नाही, हे बाईंच्या हाडीमासी खिळलेलं. एकुलत्या लेकीच्या शुभकार्यात तुटका काठ कसा चालेल? त्यांनी गालिच्याबाहेर फरशीवर बसून, मिळत्या रंगाची लोकर घेऊन वेल जोडून टाकली. जोड ओळखूसुद्धा येईना.

गालिच्यावर मांजर झोपलं होतं. जागं झालं, काठापर्यंत आलं आणि थबकलं. मग काठाकाठानं फिरत राहिलं, जोडलेल्या जागेशी येऊन केविलवाणं ओरडू लागलं. नव्या लोकरीच्या वासानं बिचकलं असेल, म्हणून बाईंनी त्याला उचलून बाहेर ठेवलं. त्यानंतर ते कधी ओरडलं नाही. दूध पुढे ठेवलं तरी बराच वेळ नुसतं बघत बसे. गालिच्यावर मात्र पाहुणे येईपर्यंत बाईंनी कोणाला पाय ठेवू दिला नाही.

पाहुणे गालिच्याबाहेर खुर्च्यांवर बसले, माणिक गालिच्यावर. प्रश्न झाले, पोहे झाले.

"जाय बेटा आत," सदाशिवराव म्हणाले.

माणिक उठली, काठाशी आली आणि उभीच राहिली.

"आई, मले येता येऊन नाई राह्यलं."

पोरगी लाजली, म्हणून पाहुणे हसले. सदाशिवरावांनी हात धरून तिला बाहेर ओढलं.

त्या दिवसापासून माणिक गप्प झाली. सासरी जायचं म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. लग्न पार पडलं. गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला.

पुढे प्रमिलाबाई वडनेरला गेल्या. माणिक पाया पडली. आईनं पोटाशी धरलं तर तशीच उभी राहिली. जेवायला बसली आणि ताटाकडे नुसती बघत राहिली.

बाईंना मांजर आठवलं.

घरी येताच त्यांनी गालिचा उतरवला, अंथरला. कात्रीनं टाके उसवले. फट मोकळी झाली.

स्वयंपाकघरात मांजर ओरडलं. मग चपचप दूध पिण्याचा आवाज आला. बाईंना रडू फुटलं. लेक परत मिळाली!

तेवढ्यात गालिच्याची लोकर दबली. एक पाऊल. पुढे आणखी एक, फटीच्या दिशेनं.

मग लोकर दबायची थांबली.

फरशीवर कोणीच नव्हतं. कानाशी, अगदी जवळून, माणिकचा आवाज आला.

"आई, पाव्हणे गेले काय?"