बिघाडाचं निमित्त

“सरकी बठ वं माय, आखो एक जन बठी जाई.”

तळोद्याच्या जीपवाल्याचा तो आवाज भूमिकाला इतक्या वर्षांनीही तसाच ऐकू येतो... घोगरा, घाईचा, विडीनं भाजलेला. जागा नव्हतीच. तरी ती सरकली, आणि शेजारी एक तरुण येऊन टेकला. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला संगणकाचा डबा. वळण आलं की झोपलेलं लेकरू सावरावं तसा तो त्याला सावरायचा. पौषातली थंडी, खिडकीला काच नाही, आणि वाऱ्याबरोबर कुठूनतरी वाळत्या मिरचीचा वास.

“आजारी आहे का?” तिनं विचारलं.

“ताप आहे,” तो डब्याकडे पाहूनच म्हणाला. “उतरेल.”

त्याचं नाव दिलवरसिंग पावरा. धडगावकडच्या एका पाड्यावरचा. तळोद्याच्या बसस्टँडमागं संगणक दुरुस्तीचं लहानसं दुकान. ती तापीकाठच्या गुजर घरातली, केळीच्या बागेत वाढलेली. डोंगरातल्या लोकांसाठी चालणाऱ्या एका दवाखान्यात रोग्यांचे तपासणी अहवाल ती संगणकावर ठेवायची. तिचाही संगणक आजारीच असतो, हे तिनं जीपमधून उतरता उतरता सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो दवाखान्याच्या दारात उभा होता.

डबा उघडून त्यानं पहिल्याच दिवशी निदान सांगितलं. यातलं विंडोज कुणीतरी फुकटात उतरवून टाकलेलं आहे; त्याला कंपनीच्या दुरुस्त्या पोचत नाहीत, म्हणून भोकं पडतात आणि कुणीही आत शिरतं. एक तर खरं विकत घ्या, पण त्याला हे जुनं यंत्र पुरणार नाही. नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, ते मुळातच फुकट. जुन्या यंत्रावरही चालतं, सहसा अडत नाही.

“आणि ते जास्त सुरक्षित कसं?” तिनं विचारलं.

“आमच्या पाड्यावर कुणी थेट घरात शिरत नाही, मॅडम. अंगणाबाहेरून हाक मारायची. घरधनी ‘ये’ म्हणाला तरच आत. हे तसं आहे. काहीही नवीन आत यायचं तर आधी तुम्हाला विचारेल.”

“आणि मी ‘ये’ म्हणाले तर?”

तो स्क्रू आवळत राहिला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर उमाकांतांनी निवड तिच्यावर सोडली होती. तिला त्याचं म्हणणं तिथल्या तिथं पटलंही. पण जाताना तो सहज बोलून गेला की, हे बसवलं की मला सारखं यावं लागणार नाही... आणि भूमिका म्हणाली, “बघू.”

तळोद्याच्या रस्त्यावर गुजरांची मुलगी आणि पावऱ्यांचा मुलगा उभे राहून बोलले, तर संध्याकाळी ते तापीपलीकडं पोचतं. बिघडलेल्या यंत्रापाशी बोलले, तर ते काम असतं. म्हणून ती बघत राहिली. कधी म्हणाली, लिनक्सवर प्रिंटर चालेल का, शंका आहे. कधी मराठी टायपिंगचं भय सांगितलं. तो दर वेळी शंका फेडायचा, जुनंच यंत्र पुन्हा चालतं करायचा आणि चहा संपेस्तोवर बसायचा. परिचारिका कालीबाई हे सगळं बघायची.

“ताई, यंतर तुन्हं आजारी पडस, का तू पाडस वं?” एकदा तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओसरीवर गाऊ लागली —

डोंगरनी वाट, वाटवर ऊन,
मन उतरनं खाले, आते चढी कोन?

होळी आली. सणाच्या भोंगऱ्या बाजारात कुणीतरी ढोल आणि फुंकून वाजवायची पावरी पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केली, आणि तो तिथून जीपमागं जीप करत फिरला. ज्याच्या हाती लागेल त्यानं गाणी उतरवून घ्यायची, पुढं द्यायचा, हीच रीत. दुपारच्या जेवणाला कालीबाईनं तो आणला. भूमिकाच म्हणाली, लाव. ढोल असा घुमला की रांगेतल्या म्हाताऱ्याही ठेका धरू लागल्या. ढोल थांबला, तेव्हा एकही अहवाल उघडत नव्हता; गाण्यांबरोबर व्हायरसही आत शिरला होता.

दुसऱ्या सकाळी रेवाबाई आली, पायी डोंगर उतरून. तिच्या लेकीला सिकलसेल, रक्ताचा आजार. अंग ठणकून ती नंदुरबारच्या दवाखान्यात पडली होती, आणि तिथल्या डॉक्टरांना जुने अहवाल हवे होते. भूमिकानं तिला बसायला सांगितलं. रेवाबाई दिवसभर ओट्यावर बसून राहिली, तक्रार न करता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. संध्याकाळी ती रिकाम्या हातानं जीपमध्ये चढली. लेक नंतर बरी झाली. पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

भूमिकानं दिलवरसिंगला फोन केला. एवढंच म्हणाली, “उद्या बसवा.”

त्यानं बसवलं. अहवालांची प्रत रोज वेगळी काढून कुलपात कशी ठेवायची, तेही शिकवलं. हरवलेल्यातलं बरंच कागदांवरून पुन्हा भरून घेतलं. प्रिंटर पहिल्याच झटक्यात चालला. दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं, एकमेकांकडं नाही.

“आता मला बोलवायची गरज पडणार नाही,” तो वायर गुंडाळत म्हणाला.

“चांगलंच आहे,” ती म्हणाली.

आणि खरंच पडली नाही. मोहाची फुलं गळून गेली, सातपुडा हिरवा झाला, यंत्र काही अडेना. डॉक्टर खूश होते. रोग्यांना अहवाल हातोहात मिळत. कालीबाई मात्र यंत्राकडं पाहून म्हणायची, एवढं गुणी असणंही बरं नव्हे.

श्रावणातल्या एका दुपारी तो आला. खांद्याला हत्यारांची पिशवी नव्हती. इकडून चाललो होतो, म्हणाला. दवाखान्याचा रस्ता पुढं कुठंच जात नाही. त्यानं यंत्राची चौकशी केली. मंद होतं का? नाही. तापतं? नाही. प्रिंटर? उत्तम. मग विचारायला काही उरलं नाही, आणि तो दाराकडं वळला. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. चौकटीला हात लावून तो थांबला... आणि भूमिकाला कळलं, आता गेला तर पुन्हा कुठल्या नावानं येणार?

“दिलवरसिंग.”

तो वळला.

“तुमचं म्हणणं मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. प्रिंटरचं, टायपिंगचं — सगळं खोटं. रेवाबाई त्या दिवशी ओट्यावर बसून राहिली, ती माझ्यामुळं.” तिचा आवाज शांत होता, बोटं टेबलाची कड धरून होती. “यंत्र बिघडलं की तुम्ही यायचात. तुम्ही यावं, एवढंच मला हवं होतं. आजही हवं आहे... काही बिघडलेलं नसताना.”