लाखेवरचा अंगठा

"जपून… माझी आई आहे ती," असं म्हणत त्यानं बाटली माझ्या हातात दिली आणि मी बघतच राहिले. वाइनच्या दुकानात नाना नमुने येतात, पण बाटलीला आई म्हणणारा हा पहिलाच.

बुचावरच्या लाल लाखेत अंगठ्याचा ठसा होता, त्यावर तिरका वण. "द्राक्षं तोडताना तिला कात्री लागली. लहानसा मळा आमचा, प्रत्येक बाटलीला आई स्वतः लाख लावते."

तो दर आठवड्याला गिऱ्हाइकांना चव द्यायला यायचा. हळूहळू त्याच्या आईची गोष्ट त्याच्यापेक्षा मीच रंगवून सांगू लागले.

"तूच जास्त आमच्या घरची वाटतेस," तो हसायचा.

"मग ने की घरी…"

"नेतो. या रविवारी. आवडतेस तू मला." रविवार पुढे सरकत राहिला, आणि मी खुळी लाजत राहिले.

त्या सकाळी दुसऱ्याच वाइनची खोकी उघडली, कुणा दोन बहिणींच्या मळ्याची. लाखेवर अंगठा. तोच तिरका वण.

तो आला तेव्हा दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या. "तुझी आई यांच्याकडेही कामाला जाते?"

तो खोक्यावर बसला. "कारखान्यात साचा चुकला वाटतं… बाबांच्या आजारपणात मळा विकला गं. एका मोठ्या कंपनीनं मळ्याचं नाव विकत घेतलं, आईच्या अंगठ्याचा साचा केला, मला गोष्ट सांगायला पगारावर ठेवलं. ही दुसरी वाइनही त्यांचीच, त्या बहिणी तर नाहीतच कुठे. बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल. आईची औषधं त्यावरच आहेत." मग हळूच म्हणाला, "वाइन तर तीच आहे ना?"

"तुझ्या शब्दावर मी लोकांना शब्द देत होते. आणि मी आवडते म्हणालास… तेही पाठ करून घेतलं होतं?"

"नाही. ते माझं होतं."

आईबद्दल बोलायचा त्याच हळव्या आवाजात म्हणाला. खरं कुठलं, मला ओळखताच येईना.

तेवढ्यात नेहमीचे आजोबा आले. "ही घरचीच ना, पोरी? मोठ्या कंपनीची नको हो."

त्याचा चेहरा उतरला. मी बहिणींची बाटली मागे सारली. "घरचीच, आजोबा. आई स्वतः लाख लावते."

आजोबा खूश होऊन गेले. माझीच मला किळस आली.

"रविवारी येशील?" त्यानं विचारलं. "आई वाट बघतेय… खरंच."

"नको. सांभाळ त्यांना."

तो पेले गोळा करून गेला. मी गल्ल्यामागे बसून खूप रडले. रविवारचं तो बहुतेक खरंच बोलत होता.