चौथं लिंबू

गाडीचं घर करायचं तर आधी गाडीला तिचं वजन विसरायला लावावं लागतं, असं हौसाक्का लोहार म्हणायची. कराडच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत तिचं पत्र्याचं शेड होतं. तीस वर्षं तिथं पिकअपचे उघडे सांगाडे यायचे आणि दुधाची गाडी, बँडवाल्यांची गाडी, शववाहिका असं काही ना काही होऊन बाहेर पडायचे. या खेपेचं काम मात्र निराळं होतं. वाट नसलेल्या रानात एका माणसानं चाळीस दिवस फिरायचं, त्याच गाडीत रांधायचं, त्यातच निजायचं, आणि बाहेरच्या जगातला मातीचा एक कणही आत न्यायचा नाही.

प्रयोगशाळेच्या कागदांत तिचं नाव 'बीजशोधक वाहन' असं होतं. अक्का तिला रानघर म्हणायची.

तिनं मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी दीड वीत उचलली. इंजिनाची श्वासनळी टपापर्यंत नेली. ओढ्यात उतरली तरी म्हशीसारखं नाक पाण्याच्या वर राहावं. पुढच्या बाजूला ओढचक्री बसवली. तिची पोलादी दोरी कातळाला अडकवली की रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढणार होती. मागचा फाळका खाली पाडला की त्याचाच ओटा व्हायचा, डावीकडं शेगडी, उजवीकडं पाण्याची तोटी. हात चालत असताना ओठांत ओवी असायची. ग्राइंडरच्या आवाजात ती फक्त तिची तिलाच ऐकू यायची.

लेक चालली रानाला, तिला कशाची देऊ साथ,
गाडीच्या ग पाट्यावर, माझा लोखंडाचा हात.

जाणारी लेकच होती. केशर, एकुलती एक. बीजशास्त्र शिकून प्रयोगशाळेत लागलेली, पण आईच्या शेडमध्ये आली की पहिल्यांदा पाना उचलणारी.

"आये, टपावर कापडी तंबू दे की. वर चढून झोपीन," केशर म्हणाली.

"कापडाला शिवण असती. शिवणीत माती बसती. पत्राच बरा."

"ह्या पत्र्यावर पाऊस पडला तर डोक्यावर ताशा वाजंल."

"वाजू दे. तेवढीच सोबत."

तपासणीला डॉ. अस्मा तांबोळी आल्या. काजळीवर, झाडं मारणाऱ्या त्या रोगावर, देशात त्यांच्याइतकं काम कुणी केलं नव्हतं, आणि ते काम म्हणजे अकरा वर्षं एकामागून एक झाडं मरताना बघणं होतं. त्यांनी चाकांच्या खाचांतून कापसाचे बोळे फिरवले, फाळक्याच्या बिजागऱ्या उघडून पाहिल्या, सांध्यांवर भिंग धरलं.

"बाई, एक विचारू?" अक्का म्हणाली. "लेक तिकडं निघाली, अन् मला अजून नीट उमगलं न्हाई. ती काजळी एवढी मरत कशी न्हाई?"

डॉक्टर फाळक्याच्या ओट्यावरच बसल्या. "मरते की. वाफेनं मरते. उन्हात उघड्या लोखंडावर, रबरावर दोन दिवस टिकत नाही. ती बुरशी आहे अक्का, तिला ओल लागते. जमिनीची नाहीतर झाडाच्या रसाची. एकदा मुळात शिरली की रसात झोपून राहते. मग वरून कितीही धुवा, आतल्या काजळीला ते पाणी लागतच नाही. जागी झाली की गवतात पडल्या जागीच राहते, पण झाडांच्या मुळामुळांतून दिवसाला दहा-बारा पावलं पुढं सरकते, आणि जिथून जाते तिथं पान काळं पडून गळतं."

"माणसाला काही करत न्हाई?"

"काही नाही. माणसाला फक्त सावली उरत नाही."

ते खरंच होतं. कराडात आता सावली पडायची ती भिंतींची. वडाच्या जागी वडाचा सांगाडा होता आणि घाटात डोंगर उघडे पडले होते. एकच खोरं वाचलं होतं, कोळंबखोरं. तीन बाजूंनी सलग कातळकडा आणि चौथीकडं नदी, त्यामुळं बाहेरची मुळं आत पोचली नव्हती. अकरा वर्षं त्याचं फाटक बंद होतं.

"तिथं अजून साडेतीनशे जातींची झाडं उभी आहेत," केशर म्हणाली. "प्रत्येकीचं बी आणायचं, इथं काजळीच्या मातीत पेरायचं. बाकीची मरतील. पण एखादी जात अशी निघंल जिला काजळी चढली तरी ती मरणार न्हाई. ती सापडली की तिच्यातनं बाकीच्यांना औषध काढता येतंय. आये, आम्हाला एकच झाड पायजे. काजळी पोटात घेऊन जगणारं एक झाड."

अक्कानं आत जाऊन तिघींना सरबत आणलं. डॉक्टरांनी पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "खरं लिंबू? कुठून मिळालं?"

नळापाशी, डिझेलच्या कापलेल्या पिंपात, लिंबाचं झाड होतं. पाण्याच्या सांडीवर वाढलेलं, कमरेएवढं, काटेरी. अक्का ग्राइंडर बंद केला की रोज त्याच्यावर तोंड धुवायची.

"कुंडीतलं म्हणून वाचलं," डॉक्टर म्हणाल्या. "जमिनीत मुळं नाहीत त्याची."

"माझ्यासारखंच मग. लोखंडात वाढल्यालं," अक्का म्हणाली, आणि तिघी हसल्या.

गाडी वाफन्हाणीत सहा तास उभी राहिली. मग तिच्या चारी चाकांवर जाड प्लॅस्टिकचे पायमोजे चढले आणि दुसऱ्या गाडीवर लादून ती कोळंबखोऱ्याच्या फाटकाशी नेली गेली. तिथं धुतलेल्या सिमेंटच्या फरशीवर तिला उतरवून पायमोजे काढले. केशर न्हाऊन, नव्या कपड्यांत, नव्या बुटांत बसली. सगळं यादीप्रमाणं झालं. डॉक्टरांनी सही केली.

"थांबा जरा," अक्का म्हणाली.

तिनं चंचीतून चार लिंबं काढली. आदल्या दिवशीच लाल पोटॅशच्या पाण्यात घासून धुतलेली, पुसून चकचकीत केलेली. ती वाकली आणि एकेका चाकापुढं एकेक लिंबू ठेवत गेली.

केशर लाजली. "आये, प्रयोगशाळेची गाडी आहे ग."

"गाडी कुणाची बी असू दे. पहिल्यांदा निघालीय न्हवं? लिंबाशिवाय एक गाडी शेडाबाहेर सोडली न्हाई मी."

"करू दे तिला," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "माझे अब्बा ट्रक काढताना बिस्मिल्ला म्हणायचे आणि चाकाखाली लिंबूही ठेवायचे." त्यांनी डोक्यावर पदर घेतला. फाटकावरच्या दोन पहारेकऱ्यांनी टोप्या काढल्या.

फाटकाकडं तोंड करायला गाडी वळत हलली. फटफट करून लिंबं फुटली आणि फरशीवर ओला पिवळा वास पसरला. डाव्या बाजूचं मागचं लिंबू तेवढं उतारावरून घरंगळलं आणि न चिरडता कडेला जाऊन थांबलं. अक्काला तो अपशकुन वाटला. पण निघताना त्याचं नाव काढू नये म्हणतात. तिनं ते उचलून गुपचूप चंचीत टाकलं. घरी आल्यावर फेकवेना, तेव्हा शेडच्या कोनाड्यात, वेल्डिंगच्या काळ्या काचेशेजारी ठेवून दिलं.

पहिले नऊ दिवस केशरचा आवाज दूरबोल यंत्रावर नुसता फुललेला यायचा. अंजनाला निळा मोहर आहे, आये. आज ओढचक्रीनं वाचवलं, तुझं नाव घेतलं. आज शेगडीवर पिठलं केलं. ती खोरंभर हिंडत होती.

दहाव्या दिवशी आवाज बदलला. तेराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी अक्काला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"केशर बरी आहे," त्यांनी दारातच सांगितलं. "पण खोऱ्यात काजळी दिसली."

समोरच्या पडद्यावर वरून टिपलेली चित्रं होती. प्रयोगशाळेचं यांत्रिक पाखरू सकाळीच खोऱ्यावरून फिरून आलं होतं. हिरव्यागार रानात काळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या. वळत, वळसे घेत, नदीपासून कड्यापर्यंत.

"केशरचं म्हणणं, काजळी आधीपासूनच मातीत झोपलेली असणार," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त ओढ्यापलीकडचा वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, अजून हिरवा आहे. तिथं लवकर पोचून बी गोळा करायचं म्हणते. चार वाजता गाडी काढणार आहे."

घड्याळात साडेतीन झाले होते.

"तुम्ही गाडी बांधलीत, म्हणून तुम्हाला बोलावलं. हे बघा, काळ्या रेघा गाडीच्याच वाटेनं आहेत. गाडीनं दाबून मातीतली जागी केली म्हणावं, तर चारी चाकांनी सारखी करायला हवी. सरळ वाटेवर मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतून जातं, तिथं काही कळत नाही. पण फाटकाच्या आतलं हे पहिलंच वळण मोकळ्या गवतातलं आहे. इथं चारी चाकांच्या चार वेगळ्या रेघा पडल्यात." डॉक्टरांनी बोट ठेवलं. "तीन काळ्या. एकीवर गवत हिरवं आहे. डावं मागचं चाक. त्या चाकाला तुम्ही निराळं काही केलं होतंत का? दुसरं रबर? काही लेप?"

अक्का बघत राहिली. तीन काळ्या, एक हिरवी.

तिच्या हाताला फरशीचा गारवा आठवला. घरंगळत गेलेला पिवळा गोळा आठवला. ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. काजळी रानातच होती असं ठरलं असतं, आणि चार वाजता लेक ओढा ओलांडून सड्यावर गेली असती.

"त्या चाकाला काय न्हाई केलं," ती म्हणाली. "बाकीच्या तिघांना केलं."

"काय?"

"लिंबू."

डॉक्टरांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग त्यांचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला आणि तिथंच थांबला.

"मी तिथं होते," त्या पुटपुटल्या. "समोर उभी होते. सहा तास वाफ दिली, बिजागऱ्या भिंगानं बघितल्या... आणि लिंबू मला घाण वाटलंच नाही."

"धुतल्याली होती बाई. पोटॅशमधी घासून धुतली होती."

"वरून."

न चिरडलेलं चौथं लिंबू कोनाड्यात ठेवल्याचं अक्कानं सांगितलं आणि ते शेडातून आणायला प्रयोगशाळेची दुचाकी धावली. तोवर ते वाळून तपकिरी, कवडीसारखं टणक झालं होतं. डॉक्टरांनी ते उभं चिरलं. गाभ्यात अजून थोडी ओल होती. त्यांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग सरकून अक्काला जागा दिली.

उजेडाच्या गोल डबक्यात काळे धागे होते. काजळाच्या बोटानं कुणी बाळाच्या गालावर ओढावेत तसे बारीक, सुबक.

चारला सहा मिनिटं कमी होती. डॉक्टरांनी दूरबोल यंत्र सुरू करून अक्काच्या हातात दिलं. "तुम्हीच सांगा. तुमचं ऐकेल."

"केशर, गाडी हलवू नको."

"का ग? निघालेच होते. चावी लावलीय."

"चावी काढ. चाक एक पाऊल बी पुढं जाऊ देऊ नको. काजळी तुझ्या चाकाला हाय. मी लावली. लिंबं ठेवली न्हवं मी... त्या लिंबांत होती."

पलीकडं किल्लीचा आवाज झाला.

"गाडी सड्याकडं गेली नाही तर सडा वाचेल," डॉक्टर यंत्राजवळ वाकून म्हणाल्या. "केशर, गाडी तिथंच सोडायची. चालत मागं फिर, आपल्याच चाकोरीनं. गाडी आम्ही तिथंच जाळू."

"आणि हे रान?"

मुळाला मूळ लागलेलं होतं, आणि गाडी बारा दिवस खोरंभर फिरली होती. केशरला हे शिकवायची गरज नव्हती.

"मी जिथं जिथं चांगलं झाड बघितलं तिथं तिथं गाडी नेली," ती म्हणाली. "निवडून निवडून नेली."

"माझं पाप हाय ते. तुझं न्हाई."

मग केशरचा आवाज आला, पण आता तो लेकीचा नव्हता. प्रयोगशाळेतल्या बाईचा होता. सावकाश, एकेक शब्द तपासून घेणारा.

"आये, लिंबं कुठली होती?"

"आपलीच. नळापासली."

"पिंपातल्या झाडाची? मग रसात काजळी होती म्हणजे झाडात होती. झाड कधी लावलंयस तू?"

"तू बारावीला होतीस तवा. धा-अकरा वरसं झाली. माती घाटातनं आणली होती, कुदळीनं खणून, तिथली झाडं काळी पडाय लागली होती तवा."

डॉक्टर तांबोळींनी काचपट्टी टेबलावर ठेवली.

"काजळी शिरल्यावर झाड महिनाभर जगत न्हाई," केशर म्हणाली. "झाड कसं आहे, आये?"

अक्काला प्रश्नच कळेना. सकाळीच तर तिनं त्याच्यावर तोंड धुतलं होतं. "कसं असणार? हाय तसं हाय. परवा कळ्या धरल्यात."

अकरा वर्षं जे शोधत होते ते डिझेलच्या पिंपात, नळाच्या सांडीवर उभं होतं. त्याचं सरबत पिऊन त्यांनी गाडीवर सही केली होती. त्याचीच तीन फळं शेवटच्या रानाच्या दारात चिरडून, ते शोधायला लेक आत धाडली होती.

"तोडू नको त्याचं काही," केशर कसंबसं म्हणाली. "पान बी."

"न्हाई तोडत."

यंत्रातून टपटप असा आवाज येऊ लागला. आधी तुरळक, मग दाट होत गेलेला. अक्काला तो पत्रा ओळखीचा होता. तिनं स्वतः कापला होता, स्वतः जोडला होता.

"पाऊस लागला व्हय ग तिकडं?" तिनं विचारलं.

"न्हाई आये," केशर म्हणाली. "पानं."