मागून आलेला भारी

मोबाइल खाली ठेवा. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन.

दलबीर घर्ती माझ्या ओळखीचा. नेपाळात रोल्पाच्या डोंगरातला भारी, ओझी वाहून पोट भरणारा. गेल्या तिहारात, म्हणजे तिकडच्या दिवाळीत, भाऊबीजेला तो बहिणीकडे टिळा लावून घ्यायला गेला. निरुमायानं टिळा लावला, सेलरोटी वाढली. संध्याकाळी तिच्या पोटात कळ उठली. रात्रीपर्यंत अंग तापलं, ओठ काळे पडले. नवरा मलेशियात. दरड पडून जीपचा रस्ता बंद. दवाखाना खाली बाजारात.

दहाच्या सुमारास दलबीरनं तिला पाठीवरच्या टोपलीत बसवलं. दुजेची कोर केव्हाच बुडाली होती, म्हणून टोपलीच्या काठाला कंदील अडकवला. टोपलीचा पट्टा कपाळावर. पट्टा लावला की मान वळत नाही. आणि टोपलीतलं माणूस पाठमोरं बसतं. मागचं त्यालाच दिसतं.

"दादा, जड आहे का रे मी?"

"मिठाच्या पोत्याहून हलकी. पण पोतं बडबडत नाही."

ती हसली, मग कण्हली.

दरडीची जागा आली. पावसाळ्यात तिथं एक भारी गाडला गेला होता. धड मिळालं, शीर नाही. तसंच जाळलं. तेव्हापासून तिथं मुर्कट्टा फिरतो म्हणतात. दलबीर थट्टा करायचा, बिनडोक्याला वाट कशी दिसते रे?

मागं पावलं वाजली. जड, ओझं वाहणाऱ्याची.

"कोण हो दाजू? खालीच ना?"

पावलं तशीच येत राहिली.

आमच्यात दमलेल्या भाऱ्याला दुसरा पाळी देतो, थोडा वेळ त्याचं ओझं घेतो. दलबीर पार दमला होता.

"निरू, त्याला म्हण, जरा पाळी दे."

तिनं टोपलीची कड घट्ट धरली.

"अगं, विचार की!"

"नको... तू चाल."

"का? मरतुकडा आहे का?"

"नाही... धट्टाकट्टा आहे."

"मग?"

फक्त पावलं. जवळ.

"दादा... तो पट्टा लावणार कुठे?"

दलबीर थांबला नाही. थांबला तर बहीण जाते. पुढं उतरण. निसरडी. पाय सटकला. टोपली मागं कलली...

पडली नाही.

कुणीतरी खालून पेलली होती. ओझं हलकं. एकदम हलकं.

"निरू... आहेस ना?"

"आहे..."

"त्यानं हात लावलाय?"

"हात नाही, दादा..."

दलबीर चालत राहिला. बाजाराचे दिवे दिसले, तेव्हा वजन परत आलं.

डॉक्टरनं रात्रीच पोट उघडलं. आणखी उशीर झाला असता तर जाळायला थेट घाटावरच न्यावी लागली असती, म्हणाला. निरुमाया वाचली. आज शेळ्या राखते.

सकाळी दलबीरनं टोपली उपडी केली. आतली घोंगडी कोरडी. बाहेरून, तळाच्या मधोमध, माणसाच्या मानेएवढं लाल वर्तुळ होतं.

ओलं.